फोन लावणे, फोन घेणे : आयएसडीएन अडॅप्टरच्या आज्ञा

आयएसडीएन या अंकीय दूरध्वनी-जोडणीच्या अडॅप्टरलाही बहुधा १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमच्याच आज्ञा चालत. 'एटीडी' व पुढे क्रमांक दिला की फोन लागे. पडद्यावर 'रिंग' उमटले की 'एटीए'ने घ्यायचा, 'एटीएच'ने ठेवायचा. 'एटीएस०=१' दिल्यास यंत्र पहिल्याच घंटेला स्वतः फोन घेई. साध्या मोडेमवर ही आज्ञा मी एकदा रात्रभर तशीच ठेवली. आई आजारी असल्याचे कळवायला भावाने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्याला मोडेमची शिट्टीच ऐकू आली! साध्या तारेवर घंटा तेवढी कळते. आयएसडीएनमध्ये मात्र येणारा फोन बोलण्याचा की संगणकाचा, हे डी-वाहिनीवरचा संदेश आधीच सांगे. त्यामुळे अडॅप्टरला बोलण्याचा फोन सोडून देता येई.