गड बांधणाऱ्या पुतण्यासाठी

बापू, तुझा गड बुडाला, बुटके जेवणघरातच गेले आणि वसतिगृहातल्या पोरांनी तुला लय चिडवलं, हे तुझ्या आईकडून कळलं. यात लाजण्यासारखं काही नाही गा. ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ खेळणाऱ्यांचा पहिला गड असाच जातो, आणि पुष्कळदा तोवर शत्रू नकाशावर आलेलाही नसतो. टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी २००६ साली हा खेळ लोकांना फुकट दिला. हरण्यात मजा आहे, हे त्याचं तेव्हापासूनचं ब्रीद. २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तो आपल्या संग्रहात घेतला आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो चित्रांसकट स्टीमवर आला, तोच तू खेळतोस. पण हरण्याची मजा यायची तर आपण कशानं हरलो ते आधी उमगलं पाहिजे. म्हणून काही गोष्टी सांगतो. काही खेळता खेळता कळल्या, काही तुझ्या आजोबांकडून आल्या. त्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही. विहिरी बांधण्यात मात्र त्यांचा जन्म गेला, आणि गाविलगड-नरनाळा त्यांनी मला बोट धरून दाखवला.

या खेळात तू कोणाला चालवत नाहीस, फक्त हुकूम सोडतोस. जो रिकामा असेल तो बुटका, त्याला सवड होईल तेव्हा, त्याला सोयीच्या बाजूनं ते काम उरकतो. म्हणून कोणताही हुकूम सोडण्याआधी एवढंच विचारायचं: काम संपेल त्या क्षणी हा माणूस कुठं उभा असेल? आजोबा विहिरीत दगड सोडण्याआधी खालच्या गड्याला हेच विचारत, ‘तू कुठं हायेस?’ उत्तर आल्याशिवाय दोर ढिला करत नसत. तू ज्या चुकांना लाजतोस त्यातल्या निम्म्या या एका प्रश्नानं टळतात.

भिंतीचंच घे. गॉब्लिन दिसले, तू घाबरून बोगद्याच्या तोंडाशी भिंत घालायचा हुकूम दिलास. बुटका दगड घेऊन निघाला, तोंडातून बाहेर पडला, वळला आणि बाहेरून भिंत घातली. भिंत पक्की झाली, आणि तो राहिला गॉब्लिनांच्या बाजूला. जमीन खणून पाडतानाही तेच होतं; जो भाग खाली पडणार त्याच्यावरच उभा राहून तो शेवटचा आधार काढतो. यावर उपाय असा की संकटात भिंत घालायचीच नाही. पहिल्याच महिन्यात तोंडाशी दार बसवून ठेव. दाराला कुलूप लावायचा हुकूम तत्क्षणी लागू होतो, कोणाला तिथवर चालत जावं लागत नाही. फक्त उंबऱ्यात काही पडलेलं नाही ना, ते रोज बघ. एखादा दगड किंवा कोणाचा तरी मोजा दारात पडला असेल तर दार उघडंच राहतं.

ट्रोल दार फोडतो, हे खरं. म्हणून दाराच्या आत उचलता येणारा पूल हवा. एकदा वर गेला की तो भिंतीसारखा होतो, ट्रोललाही फुटत नाही. पण पूल उचलायला दांडा ओढावा लागतो, आणि दांडा ओढणं हे काम आहे. ज्याला नेमलंस तो झोपला असेल, तो उठेल, चालेल, तोवर गॉब्लिन आत येतील. दांडा जेवणघराजवळ ठेव, तिथं कोणी ना कोणी रिकामा बसलेला असतोच. आणि पूल उचलताना त्याच्यावर कोण आहे ते बघ, जो असेल तो हवेत फेकला जातो.

आता गाविलगड. हे नीट वाच, कारण तुझ्या पुढच्या गडाची सगळी आखणी यावर आहे. चिखलदऱ्याजवळचा हा गड म्हणजे एकाला लागून दुसरा असे दोन किल्ले: दक्षिणेकडचा आतला, आणि त्याच्या उत्तरेला पाखर घालणारा बाहेरचा. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई हरल्यावर नागपूरकर भोसल्यांची फौज या गडाच्या आश्रयाला आली. दक्षिणेची चढण इतकी उभी की तिकडून कोणी येईल अशी भीती नव्हती. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यानं दक्षिणेकडं देखावा केला, आणि त्याच्या जोडीला असलेल्या स्टीव्हन्सनची फौज डोंगरातून तोफा ओढत उत्तरेला, लबाडा गावाकडं पोचली. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला भगदाड पडलं आणि शत्रू आत शिरला. तरी आतला किल्ला शाबूत होता. मधे खोल घळ, पलीकडं तट आणि बंद दरवाजा. इंग्रजांना त्या दरवाज्याला भिडता येईना. मग कॅप्टन कॅम्पबेल ९४व्या पलटणीतली हलकी तुकडी घेऊन घळ उतरला, शिड्या लावून तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला.

त्या घळीशी उभं राहून आजोबा म्हणत, दरवाज्याकडं सगळे बघतात, तटाकडं कोणी बघत नाही. खेळातही हुबेहूब हेच घडतं. नवा खेळाडू समोरच्या दाराशी सापळे लावतो, पूल करतो, पहारा ठेवतो, आणि वर शेताला उजेड यावा म्हणून छताला भोक तसंच सोडतो. उडणारा प्राणी तिथून उतरतो. २०१४ पासून या खेळात प्राणी भिंती चढतात, झाडंही चढतात. तटाला खेटून झाड असेल तर ती कॅम्पबेलची शिडीच समज. तटाजवळची झाडं तोड. बाहेरचा दगड गुळगुळीत करून घे, त्यावर पकड मिळणं अवघड जातं. तटाच्या माथ्यावर नकाशाचं एक घर, म्हणजे एक चौकोन, बाहेर काढून छज्जा कर, खालून चढणारा तिथं अडकतो. एवढं केलंस तरी गडाचं तोंड एकच ठेव आणि महिन्यातून एकदा नकाशा थराथरानं खाली-वर करून आणखी कुठं उघडं राहिलं का ते पाहा. विहिरीचं तोंडही सोडू नकोस.

नरनाळ्यावर याची दुसरी बाजू दिसते. अकोटहून शहानूरला जाऊन चढायला लागलं की एकामागून एक दरवाजे लागतात. त्यातला महाकाली दरवाजा सर्वांत देखणा. १४८७ सालचा, फत्तुल्ला इमाद-उल-मुल्कच्या काळचा, वर कोरीव लेख, पांढरट दगडात फुललेली कमळं. त्याच्या आतल्या दालनात उभं राहिलास की लक्षात येतं, एक दार फुटलं तरी येणारा आणखी एका बंद जागेत सापडतो. तुझ्या गडातही झोपायच्या खोल्या, कोठार, जेवणघर आणि विहीर यांच्यामध्ये कुलपाची दारं हवीत. गडाच्या एका भागात पाणी शिरलं, कोणी पिसाळला की तेवढा भाग बंद करता येतो. तुझ्या बुडालेल्या गडात तळापासून माथ्यापर्यंत एकच जिना होता, मधे एकही दार नव्हतं.

पाण्याचं आता सविस्तर सांगतो, कारण तू तिथंच गेलास. नदीपासून बोगदा काढून विहिरीला पाणी आणायचं, हा विचार बरोबर होता. पण या खेळात पाण्याला दाब असतो. नदी जितकी उंच, तितक्या उंचीपर्यंत ते बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला चढू पाहतं. जेवणघर नदीच्या पातळीखाली असेल तर विहिरीतून पाणी उसळून फरशीवर येणारच. दाब मोडायची युक्ती सोपी आहे: बोगद्यात एका जागी सरळ वाट न ठेवता फक्त कोपऱ्याला कोपरा लागेल अशी तिरकी फट ठेव. तिरक्या फटीतून पाणी जातं, दाब जात नाही.

दुसरं, कामांचा क्रम. आधी बोगद्यात फ्लडगेट, म्हणजे पाणी अडवणारं दार, बसव, मग ते दांड्याला जोड, मग कोरड्यातच दांडा ओढून गेट हलतं का बघ. नदीकडचं शेवटचं घर त्यानंतर फोड. एका जोडणीला दोन यंत्रणा लागतात, आणि कारागिराला गेटापाशी नि दांड्यापाशी दोन्हीकडं जावं लागतं. पाणी शिरल्यावर त्याला गेटापर्यंत पोचताच येणार नाही. ते शेवटचं घर फोडणाऱ्याची परतीची वाट कुठली, हेही आधी बघ. तू गेट बसवलं होतंस, पण जोडायचं नंतरवर टाकलंस, असं तुझ्या आईच्या बोलण्यातून वाटलं.

दांडे एका ओळीत लावू नकोस, सगळे सारखेच दिसतात. पूल उचलायला जावं आणि धरणाचं दार उघडावं, ही चूक जुन्या खेळाडूंकडूनही होते. पाण्याच्या दांड्याला स्वतंत्र खोली दे, तिला कुलूप लाव, आणि नकाशावर टीप लिहून ठेव.

आणखी एक चूक आपल्याकडच्या पोरांकडून होते, कारण आपण ती नदी पाहिलेलीच नाही. आपली पूर्णा उन्हाळ्यात आटते. गोठून दगड झालेली नदी वऱ्हाडात कोणाला ठाऊक? थंड मुलखात गड केलास तर हिवाळ्यात नदीचा बर्फ होतो. त्यात बोगदा खोदशील, खुशीत कोठार करशील, आणि वसंतात सगळं एका क्षणात पाणी होईल. नदीची जात आधी ओळख. बाळापूरचा किल्ला बघ, १७५७ साली पुरा झाला, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर. पावसाळ्यात पूर आला की एक बाजू सोडून त्याला पाणी वेढतं. बांधणाऱ्यांनी पुराची ती सवय हेरून जागा घेतली आणि नद्यांकडून खंदकाचं काम करून घेतलं. समुद्राकाठची जागाही सुरुवातीला घेऊ नकोस. दर्यापूरकडं खारपाणपट्ट्यात आजोबांनी विहिरी बांधल्या, पाणी लागायचं आणि तोंडात धरवायचं नाही. खेळातही तेच होतं, ते पाणी गोडं करून घ्यायला पंप बसवावे लागतात. आणि खोदताना ओल लागल्यानं काम थांबल्याचा निरोप आला तर तोच हुकूम पुन्हा पुन्हा देत बसू नकोस, थांबून वरच्या थरात काय आहे ते बघ. दगड गरम लागला असा निरोप आला तर मात्र तिथं खोदूच नकोस, पलीकडं लाव्हा आहे.

खाण्यापिण्याचं. जमिनीखाली प्लंप हेल्मेट नावाची अळंबी लावतोस ना, ती कच्ची खाल्ली किंवा तिची दारू गाळली तर बी उरतं. शिजवली तर बी जातं. भरल्या कोठाराकडं बघून स्वयंपाकी सगळी अळंबी रांधून टाकतो आणि पुढच्या पेरणीला काही राहत नाही. सोयाबीनचं घरचं बियाणं विकून पेरणीच्या तोंडावर हात चोळणारे शेतकरी तू पाहिलेत, तीच ही गत. स्वयंपाकघराच्या यादीत अळंबी शिजवायची मनाई कर. दारू कमी पडू देऊ नकोस, तिच्यावाचून बुटके मंद होतात आणि मनानं खचतात. दारूवरून आठवलं: २०१५ च्या डिसेंबरात खेळात गुत्ते आले, आणि मांजरं मरायला लागली. सांडलेल्या दारूवरून चालायची, पंजे चाटायची, आणि विषबाधा व्हायची. टार्ननं ती चूक दुरुस्त केली. पण मांजराच्या पंजाला काय लागलं, ते पोटात गेलं की काय होईल, इथवर हिशेब ठेवणारा खेळ करणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

उरलेलं थोडक्यात. सात बुटके घेऊन निघताना कुदळ आणि कुऱ्हाड गाड्यात आहे का, ते निघण्याआधी डोळ्यांनी बघ. गवत खाणारी जनावरं जमिनीखाली कोंडू नकोस, ती उपाशी मरतात. एल्फ व्यापाऱ्यांपुढं लाकडाची वस्तू ठेवू नकोस. आणि माल दगडाचा असला तरी पेटी लाकडाची असेल तर तीही त्यांना चालत नाही, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. खूप खोल जाऊन निळ्या धातूच्या शिरा सापडल्या की हाव आवर. त्यातली थोडीच खण आणि आतली पोकळी फोडू नकोस, तिथून जे बाहेर येतं त्याच्यापुढं तुझी सगळी दारं कमी पडतील.

बुडालेला गड पुसून टाकू नकोस. त्याच जगात नवी टोळी घेऊन त्याच गडाचा पुन्हा ताबा घेता येतो. पाणी अजून आत असेल, सामानही असेल. आधी वरच्या कोरड्या थरात राहायची सोय कर, नदीकडचं तोंड बंद कर, मग पंप लावून एकेक थर उपस. दिवाळीला अकोटला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. तो बोगदा आपण दोघं घराघरानं बघू, आणि तिरकी फट कुठं टाकायची ते तूच मला दाखव.