दूरचित्रवाणी संच : निवड आणि पारख

(द्वितीय वर्ष कला)

दोन वर्षांपूर्वी सोयाबीनचे पैसे हाती आले तेव्हा वडिलांनी तालुक्याच्या पेठेतून बत्तीस इंची दूरचित्रवाणी संच आणला. खोक्यावर इंग्रजीत बरेच काही छापलेले होते. घरात ते वाचू शकणारी मी एकटीच, आणि मीही ते वाचले नाही. दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, फुल एचडी चालतंय की याच्यावर!" वडिलांनी साडेबारा हजार रुपये मोजून दिले. पुढे धाकट्या भावाने साठवलेल्या पैशांतून कुणाचे तरी वापरलेले प्लेस्टेशन ४ आणले. खेळातील बारीक अक्षरे पुसट का दिसतात, म्हणून मी माळ्यावरचे खोके काढून प्रथमच नीट वाचले. पडद्याची बिंदुसंख्या १३६६ गुणिले ७६८ इतकीच होती. दुकानदार शब्दशः खोटे बोलला नव्हता. फुल एचडीचे चित्र त्या संचावर खरोखरच 'चालत' होते. म्हणजे संच ते आत घेत होता आणि कमी करून दाखवीत होता. 'चालणे' आणि 'दिसणे' ही क्रियापदे वेगळी आहेत, एवढे तरी मराठी विषय घेतलेल्या मुलीला कळायला हवे होते.

यंदा मोठा संच घेऊन जुना आजीच्या खोलीत द्यायचे ठरले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "या खेपेला तू वाचून सांग." त्या एका वाक्यापायी मी महिनाभर जे वाचले, मोजले आणि दुकानांतून पाहिले, ते येथे मांडीत आहे. आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांच्या घरी हा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच.

प्रथम बिंदूंविषयी. पडद्यावरील चित्र हे लहान लहान चित्रबिंदूंचे बनलेले असते. साध्या एचडीत ते १२८० गुणिले ७२० म्हणजे सुमारे ९ लाख, फुल एचडीत १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार, आणि फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख असतात. आपल्याकडे दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले आणि रंग आला तो १९८२ मध्ये. त्या पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असत व त्यांतील ५७६ प्रत्यक्ष दिसत. १९८७ साली 'रामायण' मालिका पाहायला अख्खी आळी एका घराच्या ओसरीवर जमे, असे वडील सांगतात. तेव्हा चित्र अस्पष्ट आहे अशी तक्रार कुणी केल्याचे त्यांना आठवत नाही!

आकडे मोठे म्हणून चित्र चांगले, असे मात्र नाही. यात डोळ्याचाही वाटा आहे. निकोप डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो असे मानतात. त्या हिशेबाने ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचे बिंदू साडेपाच फुटांपलीकडे एकमेकांत मिसळून जातात, तर फोर-केचे तीन फुटांच्या आतच. आमची खोली दहा बाय बाराची. वडिलांची खाट भिंतीपासून आठ फुटांवर आहे. तेथून त्यांना फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक डोळे ताणूनही दिसणार नाही. भाऊ मात्र खेळताना चार फुटांवर सतरंजी टाकून बसतो. म्हणजे एकाच घरात एकाच संचाचे दोन प्रेक्षक दोन निरनिराळी चित्रे पाहत असतात! जुन्या संचाची उणीव भावाला जाणवली आणि वडिलांना कधीच जाणवली नाही, याचे कारणही हेच. खाटेवरूनच सारे पाहिले गेले असते, तर ते खोके आजही माळ्यावर न वाचता पडून राहिले असते.

मग फोर-के घ्यावा की नाही? माझ्या मते घ्यावा, पण फोर-केच्या मोहाने नव्हे. एक तर ४३ इंची संच आता बहुतेक फोर-केच मिळतात. दुसरे कारण गणिताचे आहे. भावाचे यंत्र फुल एचडीपर्यंतच चित्र देते. फोर-के पडद्यावर त्याच्या एका बिंदूच्या जागी बरोबर चार बिंदू बसतात, दोन आडवे व दोन उभे. जुन्या संचावर मात्र १०८० ओळी ७६८ ओळींत कोंबायच्या होत्या. तेथे भागाकार पूर्ण होत नाही आणि अक्षरांच्या कडा विरघळतात.

आकाराबाबत एक सोपी युक्ती सांगते. इंच हे कर्णाचे माप असते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून अंदाज येत नाही. ४३ इंची पडदा साडेसदतीस इंच रुंद व एकवीस इंच उंच असतो. आम्ही भिंतीवर खडूने तेवढा चौकोन काढला आणि चार दिवस तसाच ठेवला. आईने पहिल्याच दिवशी दाखवून दिले की समोरच्या खिडकीचा उजेड दुपारी नेमका त्या चौकोनावर पडतो. कोणत्याही माहितीपत्रकात ही गोष्ट मिळाली नसती. चौकोन शेजारच्या भिंतीवर गेला. (५५ इंचीचाही चौकोन काढून पाहिला, पण तो देवघराच्या कोनाड्यात शिरत होता.)

आता खेळाकडे वळू. संच आलेले चित्र लगेच दाखवीत नाही. ते उजळ करणे, कडा रेखीव करणे, हालचाल गुळगुळीत करणे अशी कामे आत चालतात आणि तोवर चित्र थांबून राहते. चित्रपट पाहताना या विलंबाने काही बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवता येतो. खेळात मात्र बोटाने कळ दाबल्यावर पडद्यावर बॅट हलायला हवी. काही संचांत हा विलंब १०० मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत जातो. हे थोडे वाटते खरे. पण ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्या वेळात जवळजवळ चार मीटर पुढे येतो आणि सारी खेळपट्टीच वीस मीटरांची! क्रिकेटच्या खेळात भाऊ वारंवार त्रिफळाबाद का होत होता, याचा उलगडा मला या गुणाकाराने झाला. यावर उपाय म्हणजे 'गेम मोड'. तो लावला की संच ही बहुतेक कामे वगळतो आणि चांगल्या संचात विलंब दहा-वीस मिलिसेकंदांवर येतो. हा विलंब खोक्यावर सहसा छापत नाहीत. म्हणून दुकानात जाताना भावाने प्लेस्टेशन शाळेच्या दप्तरात घालून बरोबर घेतले. पहिल्या दुकानात आम्हांला ते जोडू दिले नाही, तेव्हा आम्ही तेथून निघालो. दुसऱ्या दुकानातील गृहस्थ कपाळाला आठ्या घालीत का होईना तयार झाले. तेथे शेजारी ठेवलेल्या, जवळपास सारख्याच किमतीच्या दोन संचांतील फरक भावाने पाच मिनिटांत सांगितला. माझ्या महिनाभराच्या वाचनापेक्षा त्याची बोटे अधिक जाणकार निघाली.

खोक्यावरील '१२०' या आकड्याविषयीही सावध असावे. पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवतो, ते हर्ट्झमध्ये सांगतात. स्वस्त संचांत तो प्रत्यक्षात ६० असतो आणि १२० किंवा २४० हा 'मोशन' नावाखालचा आकडा केवळ आतल्या कारागिरीचा असतो. 'पॅनेल किती हर्ट्झचे?' असा नेमका प्रश्न विचारावा. प्लेस्टेशन ५ (भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले) यासारख्या यंत्रावर फोर-केमध्ये सेकंदाला १२० चित्रे हवी असतील तर १२० हर्ट्झचा पडदा आणि एचडीएमआय २.१ ही जोडणी, दोन्ही लागतात. भावाच्या जुन्या यंत्राला त्यातले काहीही नको. त्यासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे बैलगाडीला विमानाची चाके लावणे.

चित्रपटाचे गणित वेगळे आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीन वेळा व पुढचे दोन वेळा दाखवावे लागते. कॅमेरा संथपणे आडवा फिरताना जे हलके हिसके जाणवतात ते यामुळे. ते लपविण्यासाठी संच दोन चित्रांच्या मध्ये स्वतः कल्पिलेली चित्रे घालतो, आणि चित्रपट एखाद्या दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी ही सोय बंद करा, असे प्रेक्षकांना चित्रफितीतून सांगितले होते. मला त्यांचे पटते. हिसका परवडला, पण दिग्दर्शकाने न घेतलेले चित्र नको. संचात 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड असेल तर चित्रपटापुरता तो लावावा.

याहून महत्त्वाचा आहे काळा रंग. 'तुंबाड'सारखा अंधारा, पावसाळी चित्रपट ज्या पडद्यावर राखाडी दिसतो, तो पडदा चित्रपटासाठी निरुपयोगी समजावा. या किमतीच्या संचांत दोन जातींची पॅनेल येतात. आयपीएस जातीत बाजूने पाहणाऱ्यालाही रंग ठीक दिसतात, पण पांढरा हा काळ्याच्या साधारण हजारपटच उजळ असतो. व्हीए जातीत हे प्रमाण तीन हजारांच्या वर जाते. मात्र बाजूने पाहता रंग फिके पडतात. आमची खोली अरुंद आणि सारेजण समोरच बसणारे, म्हणून व्हीए. (ओलेड संचात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो व विझतो, तेथे काळा म्हणजे खरा काळा. पण त्याची किंमत आमच्या हिशेबाबाहेर, आणि खेळातील धावफलक तासन्‌तास एकाच जागी राहिला तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा राहण्याचा धोकाही आहे.) खोक्यावरील 'एचडीआर' या अक्षरांना स्वस्त संचांत मी फारसे महत्त्व देणार नाही. पडद्याला तेवढा उजेडच पाडता येत नसेल तर ते पुन्हा नुसते 'चालते', दिसत नाही.

काळा रंग दुकानात पारखणे अवघड असते. तेथे लखलखाट असतो आणि सर्व संच 'व्हिव्हिड' मोडवर निळसर, भडक ठेवलेले असतात. मी पेनड्राइव्हवर एक निव्वळ काळे चित्र नेले होते. त्याच्या मध्यभागी एक पांढरे अक्षर. संच 'सिनेमा' मोडवर ठेवायला सांगितले आणि डोक्यावरून ओढणी घेऊन पडद्याला डोळे लावून उभी राहिले. दुकानातील पोरे हसली. पण एका संचाच्या दोन कोपऱ्यांतून उजेड झिरपताना मला स्पष्ट दिसला, आणि तो संच आम्ही नाकारला.

शेवटी ६० हर्ट्झ, व्हीए, नेमका गेम मोड असलेला ४३ इंची संच सव्वीस हजारांना घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरील संचांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा हातभार लागला. पावतीवर मॉडेलचा पूर्ण क्रमांक मी स्वतः ताडून पाहिला.

घरी आल्यावर पहिला चित्रपट लावला तो 'श्यामची आई', आजीच्या आग्रहाखातर. १९५३ चा हा चित्रपट जुन्या, चौकोनी मापाचा असल्याने दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या. "एवढे पैसे देऊन अर्धा पडदा रिकामाच?" असे वडिलांनी विचारले. भावाने रिमोट घेऊन चित्र ताणून भरले, तशी आई एकदम गोलमटोल झाली. आजी म्हणाली, "पूर्वीचंच राहू दे रे बाबा." पट्ट्या परत आल्या, आणि ओढणीची पारख खरी ठरली: दिवा मालवल्यावर पट्टी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे खाटेवरून कळेना.

आवाजाची बाजू मात्र माझ्याकडून राहून गेली. एवढ्या पातळ संचात मोठे ध्वनिवर्धक मावत नाहीत, आणि आमच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला की संवाद ऐकू येत नाहीत. वेगळा साउंडबार जोडण्यासाठी 'आर्क' लिहिलेले छिद्र मागे आहे, ते मी पाहून ठेवले आहे. वडील म्हणतात, तूर निघाल्यावर बघू.