संगणकावर मराठी नावे जतन करताना : संकेतनाची पूर्वयोजना

शाळेचा पट, परीक्षेच्या याद्या, पालकांना धाडावयाच्या सूचना इत्यादी मजकूर आता बहुतेक शाळांतून संगणकावर लिहिला जातो. लिहिताना पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, आणि दुसरे दिवशी तीच फाइल उघडता नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आढळतात, असे कित्येकदा घडते. मग यंत्र बिघडले असे समजून ते दुरुस्तीस पाठविण्यात येते. वस्तुतः यंत्रात काहीही बिघाड नसतो. नोटपॅडसारख्या ज्या मजकूर-संपादकात आपण लिहितो, त्यास मजकूर कोणत्या संकेताने साठवावा हे अगोदर ठरवून दिलेले नसते, एवढेच.

संगणक अक्षर जाणत नाही. तो आकडे जाणतो. म्हणून प्रत्येक अक्षरचिन्हास एक क्रमांक द्यावा लागतो. जगातील लिप्यांसाठी असे क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीस २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक मिळालेले आहेत. हा विभाग १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावर आधारलेला असल्याने त्याची मांडणी आपल्या वर्णमालेस पुष्कळशी धरून आहे. ‘क’ चा क्रमांक २३२५, ‘ख’ चा २३२६, ‘ग’ चा २३२७. जोडाक्षरांस स्वतंत्र क्रमांक नाहीत; ‘श्व’ म्हणजे श, हलन्ताचे चिन्ह आणि व, अशी तीन चिन्हे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आपण व्यंजनाच्या डावीकडे काढतो, परंतु साठवणीत आधी ‘क’ येतो आणि मग वेलांटी. म्हणजे हा क्रम लेखणीचा नसून उच्चाराचा आहे. व्याकरणाच्या तासाला मुलांना आपापल्या नावातील चिन्हे मोजावयास लावल्यास हा भाग त्यांच्याही सहज ध्यानी येतो.

आता हा क्रमांक फाइलमध्ये कसा लिहावयाचा, हा पुढचा प्रश्न; त्याच्या पद्धतीस संकेतन म्हणतात. ‘यूटीएफ-८’ हे संकेतन केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली सिद्ध केले. त्यात साध्या रोमन अक्षरास १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३. ‘ज्ञानेश्वर’ या नावात चिन्हे १०, म्हणून बाइट ३०. याउलट जुन्या संपादकांत ‘अँसी’ या नावाने जे संकेतन दिसते, त्याच्या आपल्याकडील संगणकांवर सामान्यतः आढळणाऱ्या कोष्टकात एका चिन्हास एकच बाइट असतो. त्यामुळे त्यात २५६ हून अधिक चिन्हे मावूच शकत नाहीत, आणि देवनागरीस तर तेथे एकही जागा नाही. अशा संकेतनात ‘ज्ञानेश्वर’ साठविले की प्रत्येक चिन्हाच्या जागी एक, अशी दहा प्रश्नचिन्हे लिहिली जातात. ‘चंद्रकांता’ या नावातही चिन्हे दहाच आहेत. तेव्हा फाइलमध्ये उरलेल्या दहा प्रश्नचिन्हांवरून तेथे कोणाचे नाव होते हे कोणताही तज्ज्ञ सांगू शकणार नाही. पूर्वीची प्रत शिल्लक नसेल, तर जनरल रजिस्टर उघडून सर्व नावे पुन्हा लिहून काढणे हाच मार्ग राहतो. आणि घाईने केलेल्या अशा पुनर्लेखनात शिरलेली चूक शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत मुलाचा पाठलाग करते.

दुसरा प्रकार पाहण्यास याहून भयंकर, परंतु निरुपद्रवी. नावांच्या जागी परकी चिन्हे दिसतात. त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन वर्णमालेचे पहिले लहान अक्षर पुनःपुन्हा येते. मजकूर यूटीएफ-८ मध्ये सुखरूप असून संपादक तो जुन्या कोष्टकाने वाचतो आहे, असा याचा अर्थ. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असल्याने ते अक्षर असे वरचेवर येते. अशी फाइल जतन करू नये. ती तशीच बंद करावी व यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी. मराठी जशीच्या तशी दिसेल. चौकोन दिसत असतील, तर बहुधा त्या संगणकावर देवनागरी टंक नसतो. त्यातही मजकुराची हानी नाही.

उपाय अवघड नाही. विंडोज १० च्या मे २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल आपण होऊनच यूटीएफ-८ मध्ये साठविते. त्याआधीच्या यंत्रांवर मात्र ‘सेव्ह ॲज’ च्या खिडकीत खाली ‘एन्कोडिंग’ चा रकाना असतो, तेथे यूटीएफ-८ निवडावे लागते. त्याच रकान्यात नुसते ‘युनिकोड’ असाही पर्याय आढळतो. ते यूटीएफ-१६ नावाचे निराळे संकेतन होय. त्याने मराठी नष्ट होत नाही, तथापि इतर काही साधने ती फाइल नीट वाचीत नाहीत. नोटपॅड प्लस प्लस या संपादकात ‘सेटिंग्ज’, ‘प्रेफरन्सेस’, ‘न्यू डॉक्युमेंट’ या क्रमाने जाऊन यूटीएफ-८ कायमचे ठरवून टाकता येते. ही योजना पहिले नाव लिहिण्यापूर्वी करावी. प्रश्नचिन्हे उमटल्यानंतर तिचा काही उपयोग नाही. याच संपादकाच्या ‘एन्कोडिंग’ यादीत नुसते यूटीएफ-८ निवडणे म्हणजे आहे तो मजकूर त्या संकेताने वाचणे, आणि ‘कन्व्हर्ट टू’ निवडणे म्हणजे तो त्या संकेतात बदलणे. विचित्र चिन्हे दिसत असता दुसरा पर्याय वापरल्यास ती चिन्हेच पक्की होतात.

एक्सेलमधील याद्यांचा धोका अधिक, कारण तेथे साधी ‘सीएसव्ही’ निवडली असता मराठीची प्रश्नचिन्हे होतात. त्याच यादीतील ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय घ्यावा.

शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेल्या मजकुराचे दुखणे वेगळे आहे. तेथे साठविलेली अक्षरे मुळात रोमनच असतात, केवळ त्यांची आकृती देवनागरी असते. त्यास रूपांतराचे साधन लागते, आणि रूपांतरानंतर रफार व जोडाक्षरे मुळाबरहुकूम ताडून पाहावी लागतात.

संकेतन ठरविल्यावर ‘ज्ञानेश्वर, दुसऱ्या, ऑगस्ट, बाळ, १२३’ अशी एक ओळ लिहून, जतन करून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ‘ॲ’ विषयी मात्र शाळेत एकवाक्यता असावी. या अक्षरास स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. तत्पूर्वी ते ‘अ’ वर चंद्र जोडून लिहीत. दोन्ही डोळ्यांस सारखीच दिसतात, परंतु त्यांचे क्रमांक भिन्न असल्याने एका प्रकारे लिहिलेले नाव दुसऱ्या प्रकारे शोधल्यास ते सापडेलच असे नाही.