फरारींची यादी आणि आपली जबान
विम्याविषयी उलमांत मतभेद असले, तरी खोटा दावा करून पैसे उकळणे निःसंशय हराम आहे. असा आरोपी फरार झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 84 नुसार न्यायालय जाहीर उद्घोषणा काढू शकते. हजर होण्यास किमान 30 दिवस द्यावे लागतात.

इमाम नववी (रह.) यांनी गीबतीस मुभा देणारी सहा कारणे सांगितली, त्यांत दाद मागणे व लोकांना सावध करणे येते. म्हणून अशी यादी जायज. परंतु फरार म्हणजे दोषी नव्हे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबरीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे.

ठावठिकाणा माहीत असल्यास पोलिसांना कळवा. मात्र मकतबात येणाऱ्या त्याच्या लेकरांना टोमणे मारू नका. गुन्ह्याचे ओझे ज्याचे त्यालाच.