एका ‘वजनदार’ विषयाचा अभ्यास

सुरुवातीलाच एक विनंती. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. चुकांना कॅलरी नसतात!

आता विषयाकडे वळते. वजन कमी करणं हा आपल्या हॉस्टेलचा आवडता विषय आहे. दर सोमवारी कुणीतरी सुरुवात करतं, आणि बुधवारी रात्री मेसमध्ये बटाट्याची भजी असतात. मीही यातलीच एक. पण गेल्या अकरा महिन्यांत माझं वजन 76 किलोवरून 67 किलोवर आलं आणि तिथे टिकलं, म्हणून संपादक मंडळाने ‘लिही’ म्हटलं. मी डॉक्टर नाही. जे वाचलं आणि स्वतःवर करून पाहिलं, तेवढंच इथे मांडते.

मला परत पाठवलं गेलं

सेकंड इयरला असताना, डिसेंबरमध्ये आपल्या एनएसएसचं रक्तदान शिबिर झालं. मुलींना बहुतेक वेळा हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवतात. मला परत पाठवलं ते बीपी जास्त म्हणून. 142/92. तेव्हा माझं वय एकोणीस! डॉक्टर मॅडमनी दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, आकडा जवळपास तोच. “घरी कुणाला शुगर, बीपी?” त्यांनी विचारलं. बाबांना चव्वेचाळिसाव्या वर्षी डायबेटिस झाला, आजीला तर मी ओळखते तेव्हापासून आहे. मी हे सांगितल्यावर त्या फक्त “हं” म्हणाल्या. त्या “हं”ने मला रात्रभर झोप आली नाही.

तोपर्यंत वजन म्हणजे माझ्यासाठी फक्त ड्रेसचा साइज आणि लग्नकार्यात आत्याने मारलेले टोमणे होते. बाबा रोज जेवणाआधी इन्सुलिनचं पेन काढतात, ते दृश्य लहानपणापासून पाहत होते. पण त्या रांगेत आपणही उभे आहोत, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सुट्टीत घरच्या डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या दिवशी बीपी घेतलं, थायरॉइडही तपासलं. थायरॉइड नॉर्मल निघालं. म्हणाले, “गोळी आत्ता नको. वजन आणि मीठ कमी कर, दर महिन्याला बीपी दाखव.”

पहिला प्रयोग : सपशेल फेल

मग काय, एक जानेवारीला जोरदार सुरुवात! रात्रीचं जेवण बंद, सकाळी नुसती काकडी, दुपारी एक पोळी. सात दिवसांत अडीच किलो उतरले आणि मी हवेत. नवव्या दिवशी वर्कशॉपमध्ये उभ्या-उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सरांनी स्टुलावर बसवून साखरपाणी दिलं. त्याच रात्री मी रूममेटचा चिवड्याचा अख्खा डबा संपवला. महिनाअखेर वजन 76.5. म्हणजे अर्धा किलो व्याजासकट परत!

नंतर वाचल्यावर कळलं की यात नवल काहीच नव्हतं. आपलं शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा आणि त्यातलं पाणी जातं. माझे अडीच किलो बरेचसे पाण्याचे होते. खायला लागल्यावर ते परत आले.

आणि चिवड्याचा डबा? 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ती मुलं दिवसरात्र अन्नाबद्दल बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली आणि नंतर पोट भरलं तरी खातच राहिली. म्हणजे माझी इच्छाशक्ती कमी पडली असं नाही, उपाशी शरीर असंच वागतं. आपल्याकडे ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणतात, ते उगीच नाही.

थोडं गणित

इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आहोत, तर आकडे बघूच.

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. माझी उंची 1.60 मीटर, म्हणून 76 ÷ 2.56 = 29.7. भारतीयांसाठी 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे पोटावर चरबी लवकर साठते. म्हणून कंबरही मोजावी. मुलींची 80 सेंटिमीटर आणि मुलांची 90 सेंटिमीटरच्या आत असलेली बरी.

एक किलो चरबीत साधारण 7700 किलोकॅलरी असतात. रोज 250 कमी पडल्या तर महिन्याला 7500, म्हणजे कागदावर जेमतेम एक किलो. ‘पंधरा दिवसांत दहा किलो’ असं लिहिलेली जाहिरात वाचाल तेव्हा हा भागाकार आठवा.

आता जिन्याचं गणित. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, म्हणजे साधारण 9 मीटर. 76 × 9.8 × 9 = सुमारे 6700 ज्यूल = 1.6 किलोकॅलरी. शरीराची एफिशियन्सी 20 ते 25 टक्के धरली तरी फार तर सात-आठ किलोकॅलरी खर्च होतात. आणि चहातल्या एक चमचा साखरेत सुमारे वीस! म्हणजे एका चमच्यासाठी तीनदा जिना. हे गणित सोडवलं त्या दिवशी मला रडू आलं होतं. पण उत्तर उपयोगी आहे. वजन मुख्यतः ताटात कमी होतं. व्यायाम करायचाच, पण बीपी, साखर, झोप आणि मूड यांच्यासाठी. ‘समोसा खाऊ, मग दोन राउंड मारू’ हा हिशोब जुळत नाही.

दीक्षित की दिवेकर?

2018 च्या सुमारास घरोघरी हा वाद चालायचा, आमच्या घरीही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकर यांनी 2009 च्या पुस्तकात थोड्या-थोड्या वेळाने थोडं-थोडं खायला सांगितलं होतं. आमची मावशी पहिल्या पद्धतीने बारीक झाली, काकू दुसऱ्या. मला वाटतं, दोघींच्या बाबतीत एक गोष्ट सारखी झाली. येता-जाता तोंडात टाकणं बंद झालं. कधी खायचं हे आधीच ठरलेलं होतं. शुगरची औषधं घेणाऱ्या स्टाफपैकी कुणी जेवणाच्या वेळा बदलणार असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

मोटिव्हेशन नावाची भानगड

माझी सगळ्यात मोठी चूक ही होती की मी ‘मूड’ येण्याची वाट बघायचे. मूड सबमिशनच्या आठवड्यात येत नाही. पीएलमध्ये येत नाही. घरून लाडू आले की तर मुळीच येत नाही. बीपीच्या भीतीनेही जेमतेम तीन आठवडे काम केलं.

मग दोन गोष्टी वाचनात आल्या. पहिली, मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचे ‘जर-तर’ बेत. ‘मी कमी खाईन’ असं ठरवण्यापेक्षा ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त पाळलं जातं. म्हणजे चक्क प्रोग्रॅममधलं इफ स्टेटमेंट! आयत्या वेळी विचार करावाच लागत नाही.

दुसरी, ‘21 दिवसांत सवय लागते’ हे खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2009 मध्ये आला. त्यात सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि मुख्य म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तर विशेष बिघडत नाही. हे वाचून मला हायसं वाटलं. तोवर एक वडापाव खाल्ला की ‘आता गेलंच सगळं’ म्हणून मी दुसराही खायचे!

प्रॅक्टिकल : माझे सहा नियम

1. आईचा फोन आला की उभं राहायचं. आई रोज रात्री साडेआठला फोन करते आणि पंचवीस मिनिटं बोलते. आधी मी कॉटवर लोळून बोलायचे. आता हॉस्टेलच्या गेटपासून लायब्ररीपर्यंत फेऱ्या मारत बोलते. रोज जवळपास दोन किलोमीटर होतात. सगळ्यात जास्त टिकलेली सवय हीच, कारण आठवण आई करून देते.

2. चहा मोजायचा. मी पाच कप प्यायचे, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे 50 ग्रॅम साखर, 200 किलोकॅलरी. आता तीन कप, एकेक चमचा, म्हणजे 60. पहिले दहा दिवस चहा औषधासारखा लागला. आता टपरीवरचा गोड चहा पाकासारखा लागतो.

3. ताट उलटं वाढून घ्यायचं. आधी भाजी, उसळ, वरण, कोशिंबीर; मग दोन पोळ्या; मग भूक असेल तर भात. आधी मी भातापासून सुरुवात करायचे. मेसच्या काकूंना आम्ही सहा जणींनी मिळून विनंती केली, तर त्या आठवड्यातून तीन दिवस मोड आलेली मटकी करायला लागल्या. मागितलं तर मिळतं, फक्त सहा जणींनी मागावं लागतं.

4. पापड आणि लोणचं रविवारीच. हे बीपीसाठी. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं म्हणतात, म्हणजे सपाट एक चमचा. लोणच्याच्या दोन फोडींत त्यातलं बरंच संपतं.

5. जर रात्री साडेअकराला भूक लागली, तर एक मूठ फुटाणे-शेंगदाणे आणि एक पेरू किंवा केळं. चिवड्याचा डबा रूममेटच्या कपाटात, कुलपात. समोर दिसलं की मी खाते, हे मी मान्य करून टाकलंय. नूडल्सच्या पाकिटामागे छापलेले आकडे एकदा वाचा, मग रात्री दोन पाकिटं करायला हात धजत नाही.

6. नाइट मारायची नाही, निदान परीक्षेपुरतीच. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि तेलकटच खावंसं वाटतं. माझा स्वतःचा ग्राफ हेच सांगतो.

ग्राफ

वजन फक्त रविवारी सकाळी, काही खायच्या आधी, एकाच काट्यावर. रोज केलं तर वेड लागेल, कारण मीठ आणि पाण्यामुळे दिवसागणिक एक-दीड किलो इकडे-तिकडे होतं. तो नॉइज आहे, सिग्नल नव्हे. ग्राफ पेपरवर टिंब मांडायचं आणि चार रविवारांची सरासरी बघायची. माझ्या ग्राफमध्ये मे महिन्यात सबमिशनचा एक उंचवटा आहे आणि दिवाळीचा तर डोंगर! घरी आजी “वाळलीस गं” म्हणत ताटात वाढत राहिली, दोन किलो वाढले. पण परत आल्यावर आईचा फोन साडेआठलाच येत होता. नोव्हेंबरअखेर ग्राफ पुन्हा रुळावर आला.

एक गंभीर गोष्ट

आमच्या मजल्यावरची एक मुलगी माझं बघून डाएट करायला लागली. तिचं वजन मुळात अगदी व्यवस्थित होतं. कुणीतरी गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला तिला ‘डबल डेकर’ म्हटलं होतं, एवढंच. ती मेसमध्ये ताट घ्यायची आणि अन्न तसंच टाकून द्यायची. पाळी बंद झाली तरी कुणाला सांगेना. रेक्टर मॅडमना कळल्यावर त्या स्वतः तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आता ती बरी आहे, पण एक सेमिस्टर गेलं. मला आजही वाटतं, मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून ‘नऊ किलो, नऊ किलो’ करत नाचले नसते तर बरं झालं असतं.

म्हणून हात जोडून सांगते. ज्यांचं वजन ठीक आहे त्यांनी हा लेख जेवताना वाचावा आणि विसरून जावा. आणि मुलांनो-मुलींनो, कुणाला जाडी, हत्ती, डबल डेकर म्हणू नका. असं हाक मारल्याने कुणी बारीक झाल्याचं मी पाहिलं नाही. मेसमध्ये यायचं बंद केल्याचं मात्र पाहिलंय.

निकाल

माझा बीएमआय आता 26.2 आहे. म्हणजे पेपर अजून सुटलेला नाही, केटी बाकी आहे. पण या डिसेंबरला पुन्हा शिबिर लागलं तेव्हा मी रांगेत उभी राहिले. बीपी 124/80. हिमोग्लोबिन 12.9. मॅडमनी दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाल्या, “मूठ उघड-मीट कर.” पिशवी भरताना मी छताकडे बघत होते आणि उगाचच हसत होते. संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “मीही चालायला जातो उद्यापासून.” जातायत, अजून तरी.

रक्तदानानंतर कॉफी आणि बिस्किटांचा पुडा देतात. मी दोन्ही संपवलं, अगदी चवीने.

हॉस्टेलच्या गेटपासून लायब्ररीपर्यंत, रात्री साडेआठ. कुणाला यायचं असेल तर जरूर या. फक्त पहिली पंचवीस मिनिटं मी आईशी बोलत असेन!