नैराश्याचा उपचार महाग की नैराश्य महाग?

आमच्या धरमपेठेतल्या दवाखान्यात काय किंवा तालुक्याच्या गावी काय, "डॉक्टर, मन उदास आहे" असे सांगत रुग्ण क्वचितच येतो. तो सांगतो, डोके दुखते, छातीत धडधडते, अंगात ताकद नाही, झोप लागत नाही. मग तपासण्या सुरू होतात. ईसीजी, सोनोग्राफी, कधी डोक्याचा एमआरआय. रिपोर्ट नॉर्मल आला की रुग्णाला आनंद होण्याऐवजी काळजी वाटते आणि तो डॉक्टर बदलतो. मधल्या काळात ताकदीची इंजेक्शने, टॉनिके, सलाईनच्या बाटल्या चालूच असतात. वर्षभराने फाईल जाड होते, आजार जिथल्या तिथे. अशा वेळी नैराश्याचे नाव काढले की घरची मंडळी दुखावतात. "म्हणजे हिला वेड लागले म्हणता का?" आणि त्यापुढे, "तो उपचार आपल्याला परवडणारा नाही."

या परवडण्याच्या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देणारे काम शेजारच्या गोव्यात झाले आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तेथे 'संगाथ' ही संस्था सुरू केली. त्यांचा एक अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोव्यातील दोन रुग्णालयांच्या सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागांतील ४५० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधविरहित गोळी, तिसऱ्याला समुपदेशन. दोन महिन्यांनी औषधाच्या गटाची मनःस्थिती औषधविरहित गोळीवाल्यांपेक्षा चांगली होती. बारा महिन्यांनी हा फरक उरला नाही, पण खर्चाच्या हिशेबात औषधच सरस ठरले. समुपदेशनाचा त्या वेळी काही फायदा दिसला नाही, हेही त्यांनी छापले. मला या कामाबद्दल आदर वाटतो तो त्यामुळेच.

पुढे त्यांनी समुपदेशनाची पद्धत बदलली. 'मानस' हा प्रयोग गोव्यातील २४ दवाखान्यांत झाला. त्यांपैकी निम्मी सरकारी आरोग्य केंद्रे, निम्मे खासगी डॉक्टर. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन रुग्णांशी बोलायला बसवले, गरजेप्रमाणे औषध डॉक्टरने द्यायचे, अवघड रुग्ण तज्ज्ञाकडे. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत या पद्धतीने सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले, नेहमीच्या पद्धतीने सुमारे ४२ टक्के. २०१२ मध्ये खर्चाचा हिशेब निघाला. त्यात आरोग्यसेवेच्या खर्चाबरोबर रुग्णाच्या वाया जाणाऱ्या वेळेचीही किंमत धरली होती. सरकारी केंद्रांत समुपदेशकाचा पगार मोजूनही एकूण खर्च कमीच भरला. खासगी दवाखान्यांत मात्र फरक आढळला नाही, कारण तेथे नेहमीच्या उपचारानेही बरेच रुग्ण बरे होत होते. घरचा डॉक्टर घरातली माणसे ओळखतो, त्याचा हा गुण असावा, असे मला वाटते. माझ्या धंद्याची ही बढाई वाचकांनी पोटात घालावी.

तीव्र नैराश्यासाठीची त्यांची पुढची पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा ते आठ बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण आजाराच्या बाहेर आले, एरवी ३९ टक्के. या बैठकांत "चांगले विचार करा" असा उपदेश नसतो. सोडून दिलेली छोटी कामे ठरवून पुन्हा सुरू करायची. भजनी मंडळ सोडलेल्या बाईने आठवड्यातून एकदा तिथे जायचे, अंथरुणावर पडून राहणाऱ्याने गोकुळपेठच्या बाजारातून भाजी आणायची. वाटेल तेव्हा नव्हे, ठरल्या वेळी. आधी हातपाय हलतात, मन मागून येते. आपल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतही 'विश्राम' या उपक्रमात असे काम झाले. तेथे नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचारांपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

आता घरच्यापुरते. दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न आहे किंवा कशातच गोडी वाटत नाही, असे असेल तर नव्या तपासणीआधी ते डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड मात्र एकदा पाहावे, कारण त्यांच्या बिघाडानेही असाच थकवा येतो. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून ते सोडू नये आणि बरे वाटल्यावरही निदान सहा महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावे. यातली कित्येक औषधे जेनेरिक मिळतात, लिहून घेताना तसे विचारायला संकोच नको. मेडिकल स्टोअरमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणणे हा उपचार नव्हे.

रुग्ण मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके व गोळ्या कुलुपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. नागपूरकरांना मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. बाहेरगावच्यांनी 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक लावावा. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते.