‘पिऊन पडलाय, झोपू द्या’ म्हणू नका

रिसोडच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली की गर्दी आधी रक्त बघते. पण डोक्याचा मार आतला असतो. तो ओळखायला ग्लासगोच्या टिसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी 1974 साली मोजणी काढली. आता तिच्यात डोळे उघडण्याला 4, बोलण्याला 5, हालचालीला 6 गुण. पूर्ण शुद्धीत 15. 8 किंवा कमी म्हणजे जिवावरचं.

आपण गुण मोजायचे नाहीत. हाक मारा. डोळे उघडतो का? नाव सांगतो का? सांगितल्यावर हात उचलतो का? वेळेसह ध्यानात ठेवा. ‘मघाशी बोलत होता, आता बरळतो’ हे 108 च्या डॉक्टरांना जरूर सांगा. दारूची गुंगी आणि मेंदूतला रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसू शकतात. पाणी पाजू नका, मान हलवू नका.